डाव्या कोपऱ्यातला डाग

भिंत आरगची. चावडीमागची.
चाळीस वर्षांत तिच्यावर मी सगळे पक्ष रंगवले,
एकाचा वाळायच्या आत दुसऱ्याचा.
ज्याचा डबा, त्याचं चिन्ह.
खाली डाव्या कोपऱ्यात, बोटभर:
पेंटर सिराज, मिरज.

मग सिनेमावाले आले.
डायरेक्टर पोरगाच, दाढीत धूळ, पायात स्लिपर.
म्हणाला, चाचा, असं चिन्ह काढा
जे आजवर कुणाचंच नाही.
दोन दिवस डोकं खाजवलं.
शिट्टी, कपबशी, नारळ, शिलाई मशीन,
सगळं कुणी ना कुणी आधीच नेलेलं.
तिसऱ्या दिवशी सकाळी संडासात बसलो होतो,
समोर दार,
आणि सुचलं: कडी.
नुसती कडी. लागलीय की निघालीय
ते कळू नये अशी.
पोरगा उडालाच. हेच, म्हणाला, हेच!
कुठं सुचलं ते मी सांगितलं नाही.

लाल ऑक्साईड, काळी कड.
टर्पेंटाईन जरा जास्त पडलं, वर ऊन,
कडीखालून तीन ओघळ सुटले.
चिंधी घेऊन धावलो तर ओरडला,
राहू दे, राहू दे!
आणि मग खालच्या आवाजात,
चाचा, तेवढं नाव काढता का?
गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची आहे,
डोळा तिथंच जातो.

काढलं.
रॉकेलचा बोळा, दोन हात, झालं.
स्वतःचं नाव पुसायला
पेटवलेली बिडीसुद्धा संपत नाही.
डाग तेवढा राहिला.

पिक्चरला परदेशात बक्षीस, दिल्लीत बक्षीस,
पेपरात अर्धं पान.
सांगलीत कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला तेव्हा
मला पास नव्हता.
प्रोजेक्टरवाला दस्तगीर मेव्हण्याचा दोस्त,
त्यानं मागच्या दारानं घेतलं.

भिंत आली पडद्यावर.
आख्ख्या आरगपेक्षा मोठी.

नंतर चर्चा. पुण्याचे एक सर
माईक ओठाला लावून म्हणाले,
तीन ओघळ म्हणजे तीन पिढ्यांचं रक्त.
टर्पेंटाईन, मी मनात.
कडी म्हणजे सत्ता, म्हणाले,
आतून लावली तर घर, बाहेरून लावली तर तुरुंग.
हे बरं बोलले. संडासालाही लागू.

मग एक मुलगी उठली, पाठीवर सॅक,
हात वर करायचाच विसरली.
म्हणाली, डाव्या कोपऱ्यात खाली एक डाग आहे.
तिथं कुणाचं तरी नाव होतं.
पिक्चरभर सगळे जनता, जनता म्हणतात,
आणि ज्यानं भिंत रंगवली
तोच पुसलाय.
पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.
पोरगा स्टेजवर होता. पाणी प्याला.
म्हणाला, हो,
तो डाग आम्ही मुद्दाम ठेवला.

टाळ्या झाल्या.
मीही वाजवल्या. हात काय, वाजतात.

पंचायतीच्या मतदानाला
पानमळ्यातली गजराक्का मशिनपुढं
उभीच राहिली. मागं रांग.
साहेब म्हणाले, आज्जी, दाबा की बटण.
तर आतून म्हणाली,
यात कडी कुठाय?
गाव दोन दिवस हसत होतं.
मला नाही आलं हसायला.

भिंतीला आता कुणी चुना लावत नाही.
लोक येतात, फोटो काढतात, कडीला पाठ लावून.
परवा मीही गेलो. छोटा ब्रश, पांढरा रंग.
उकिडवा बसलो कोपऱ्यापाशी.
पेंटरचा प काढायचा म्हणून हात नेला
आणि थांबलो.
नाव घातलं तर डाग जाणार.
डाग गेला तर ती मुलगी खोटी पडणार.

ब्रश वाळत आला तेव्हा
डोक्यावर पानांची डाग घेऊन गजराक्का आली.
म्हणाली, काय रे शिराज,
कडी यंदा तरी उभी आहे का?